लाल-निळे कासरे

बैलाच्या शिंगांचा ओला रंग.

कागद खाणारी शेळी.

शिरड शहापूरच्या मागं, डोंगरात एक कडा. त्याला नाव नाही.

पुरणाचा वास.

लाल-निळा दोर, पोत्यात घालून नांदेडहून एसटीनं आणलेला.

पोळ्याची दुपार. ओसरीवर नकाशा पसरला होता, कोपऱ्यांवर खडे ठेवून. विजयकुमार त्याच्यावर ओणवा झालेला. नांदेडच्या गिर्यारोहण क्लबचा तो प्रमुख. मोहिनी त्याच क्लबातली, कॉलेजला नांदेडलाच. दोघं सकाळच्या एसटीनं तिच्या गावी आले होते. मोहीम दिवाळीनंतर. आज फक्त ठरवायचं होतं.

"नेमका कुठं?"

मोहिनीनं पेन्सिलीनं गोल केला. "इथं. खालून ओढा जातो. वर शेळ्यासुद्धा जात नाहीत, सर. एखादीच."

"कुणी चढलेलं नाही?"

"दोर लावून कुणी नाही."

"कुणाला बोलू नकोस. पुणेवाल्यांना कळलं की संपलं." त्यानं गोलाकडं पुन्हा पाहिलं. "जागा तुझी. पुढं तूच चढायचं. बाकीचे तुझ्या मागून."

हे ऐकायलाच ती वर्षभर थांबली होती.

"दोर आण. बघून घेऊ."

राखीला आली तेव्हा दोर तिनं घरी ठेवला होता. आईला म्हणाली होती, कामाचा आहे, नीट ठेव. काय कामाचा, ते सांगितलं नव्हतं.

पोतं खुंटीला होतं. रिकामं.

"आये, दोर?"

सिंधूबाई पुरण वाटत होती. "तुझ्या आबानं घेतला की. पोळ्याला आणलास ना?"

तेवढ्यात संपतराव बैल घेऊन अंगणात आला. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. दोन्ही बैलांचे कासरे लाल-निळे. गळ्यातली दावीही.

"बघ," तो म्हणाला. "दगडोबाच्या बैलाला बी दिलं. समद्या आळीला पुरला. लोकं पोराचं सांगतेत, पोरानं साज आणला म्हून. मी पोरीचं सांगून राहिलो."

"आबा, तुमी कापला?"

"मग काय सबंध बांधू बैलाला?"

"काहून हात लावला? विचारायचं न्हाई?" मोहिनी ओरडली तसा एक बैल बिचकला. "सोडा ते. समद्याचं सोडून आणा."

"सणाच्या दिवशी बैलाच्या अंगावरचं उतरीत न्हाईत."

"मग मी उतरवते."

"हात लाव, मग सांगतो."

विजयकुमार ओसरीवरून उतरला. कासऱ्याचं टोक हातात घेऊन पाहिलं. विळ्यानं कापलेलं, आतले पांढरे धागे पिंजारलेले. "काका, क्लबचा दोर होता हा. ह्याच्यावर आमचे जीव लटकतात."

"कोनाचे जीव?"

"आमचे."

"हिचा बी?"

"सगळ्यात आधी हिचाच."

संपतराव मोहिनीकडं वळला. "आन् हे मला कोन सांगनार? हा?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

त्यानं बैलाच्या पाठीवरची झूल उगीच सारखी केली. मग म्हणाला, "उद्या समद्यांचे सोडून आणतो. एकाला एक बांधून देतो. गाठ मारता येती मला."

विजयकुमार हसला. वाईट मनानं नाही, पण हसला. "काका, कापलेला दोर मेला. गाठीच्या दोरावर कोण जीव टाकतो?"

संपतरावाचा जबडा हलला. तो बाजूला थुंकला आणि बैल गोठ्याकडं वळवले.

विजयकुमारनं खडे काढून नकाशाची घडी घालायला घेतली. "ठीक आहे. दोराचं क्लबमध्ये बोलावं लागेल. दिवाळीनंतर आम्ही येऊच. जागा आता कळलीय."

"आम्ही म्हणजे?"

"बघू गं."

"पुढं मी चढायचं ठरलं होतं."

"दोर सांभाळता येत नाही, मोहिनी, तर पुढं कसं पाठवू?"

तिनं नकाशा त्याच्या हातातून ओढला. गोल होता तेवढा तुकडा टराटरा फाडला आणि मेखेला बांधलेल्या शेळीपुढं धरला. शेळीनं वास घेतला. मग खाल्ला.

"वेड लागलं का तुला? तो नकाशा सहज मिळत नाही!"

"मग डोंगरात जाऊन हुडका."

"दुसऱ्या कुणाला विचारीन."

"विचारा की. कडे ढीगभर हायेत. कोणता ते समद्यांना म्हाईत न्हाई."

विजयकुमार फाटका नकाशा घेऊन निघाला. जेवण करून जा म्हणत सिंधूबाई दारापर्यंत गेली. त्यानं वळून पाहिलं नाही.

वेशीत हलगी सुरू झाली. गल्लीतून बैल निघाले. जो निघे त्याच्या गळ्यात लाल-निळं. दगडोबा जाता जाता ओरडला, "पोरी, झकास हाय गं दोर! दरसाली आण!"

मोहिनी ओसरीच्या पायरीवर बसून होती. मुठी वळलेल्या.

संपतराव बैल घेऊन तिच्यापुढं थांबला. कासरा तिच्या मांडीवर टाकला. पोरी बैल वेशीत नेत नाहीत. हे त्यालाही माहीत होतं, तिलाही.

"धर."

"मी न्हाई धरत."

तो हलला नाही. बैलही नाही. मागं दुसऱ्यांचे बैल अडले, कुणीतरी शिवी दिली.

मोहिनी दुसरीत असताना एक शेळी त्याच कड्याच्या मधल्या पायरीवर चढली होती. तिच्या मागं मोहिनी चढली. शेळी आपली आपण उतरली, मोहिनीला उतरता येईना. संपतरावानं शिवारातल्या औतांचे कासरे सोडून आणले, एकाला एक बांधले, आणि वरून पोरीला खाली सोडलं.