भिवा नावाड्याची बदली

‘काळनदी’ या खेळाचा चौथा भाग जेमतेम अर्धा तास खेळून शर्वाणीने हेडसेट सोफ्यावर आपटला आणि थेट कंपनीला फोन लावला. पहिल्या भागापासून भिवा हा खेळातला एआय नावाडी तिला होडीतून पलीकडे न्यायचा, तिच्याशी गप्पा मारायचा, तिचं सगळं लक्षात ठेवायचा. आता त्याच्या जागी नुसता एक चमकणारा बाण होता.

“लाजा वाटत नाहीत का तुम्हाला?” ती कडाडली. “वाट्टोळं केलंत खेळाचं! माणूस काढून बाण ठेवलात?”

“होडीच्या मधोमध बसा, ताई,” पलीकडून आवाज आला. “म्हणजे कलंडणार नाही.”

शर्वाणीने होडीतला तो आवाज ओळखला. “भिवा? तू इथे?”

“तक्रारी घ्यायला बसवलंय मला. माझ्यावर कुणी ओरडत नाही ना! तुम्ही बारावीला नापास झालात, तेव्हा दिवसभर आपण नदीतच होतो. आठवतं?”

आठवत होतं. ती सोफ्यावर टेकली. तेवढ्यात तो म्हणाला, “मग तक्रार मागे घेताय ना, ताई?”

शर्वाणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अच्छा, यासाठी बसवलाय होय याला इथे!

“मागे? दुसरी लिहून घे! आमचं तोंड बंद करायला आमच्याच माणसाला बसवलंय मेल्यांनी!”

 भिवा हळूच म्हणाला, “लिहिलं. आता हेच पुन्हा बोला, ताई, पण जोरात. वरचे साहेब सगळे फोन ऐकतात.”