आईचे कोरडे डोळे

सकाळी नऊच्या बातम्यांत बेपत्ता बाईचा नवरा रडला. सासूबाईंना शेजारी घेऊन तो घरातल्या सोफ्यावर बसला होता. बायको भाजी आणायला म्हणून बाहेर पडली ती परतलीच नाही, एवढं त्याने नीट सांगितलं. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "जिथे असशील तिथून ये. धाकटी तुझी उशी कवटाळून झोपते गं." 'उशी' म्हणताना त्याचा बांध फुटला आणि त्याने सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या मात्र ढिम्म बसून होत्या.

दुपारपर्यंत ही चित्रफीत घरोघरी फोनवर पोचली. लोक जावयासाठी हळहळले आणि सासूला त्यांनी दगड ठरवलं.

संध्याकाळी सासूबाई जबाब द्यायला पोलीस ठाण्यात आल्या. मुलीचा अजून पत्ता नव्हता. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदाराला राहवलं नाही.

"मावशी, सिनेमात असं रडणाऱ्यांना मोठमोठे पुरस्कार देतात. हा बिचारा टीव्हीवर खरंखुरं रडला. पोटची पोर तुमची, आणि तुमच्या डोळ्यांत टिपूस नाही?"

बाईंनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

 

"माइक बंद राहिला होता, म्हणून टीव्हीवाल्यांनी आमच्याकडून सगळं दोनदा करून घेतलं. पहिल्या वेळी मीही रडले, साहेब. दुसऱ्या वेळी तो त्याच शब्दावर तसाच कोसळला, डोकंही तसंच माझ्या खांद्यावर आलं. मग मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले."