अक्षरं गेलेला व्हॉल्व्ह

दिवाळीच्या साफसफाईत रुखमाबाईनं रेकॉर्डप्लेअरचा आवाज वाढवणाऱ्या प्रीॲम्पमधला बल्बसारखा काचेचा जुना व्हॉल्व्ह आणि लेकानं पाठवलेला नवा, दोन्ही ओल्या फडक्यानं पुसले, तर काचेवरची अक्षरंच गेली. "आता जुना कोनता, कसं वळखाचं वो?" नव्याचा आवाज नवऱ्याला अळणी वाटे. ते हसले. "चाळीस वर्षं नाटकात पेटी वाजवली. माह्ये कान कायले हायेत?" यंदा वडशाच्या नाटक मंडळीनं पेटीला बोलावलं नव्हतं, तेव्हापासून ते कानांबद्दल जास्तच बोलत. तिनं एक व्हॉल्व्ह बसवला, तापू दिला, रेकॉर्ड लावली. डोळे मिटून त्यांनी ऐकलं. "हा नवा. काढ." फडक्यानं काढताना तिला काचेच्या टोकाला आतून असलेला, वापरून काळवंडलेला चंदेरी थर दिसला. हा तर जुनाच! "बराबर वळखलं," म्हणत तिनं दुसरा बसवला. "हा माहा जुना! आयक, कसा गोड हाय!" ती ऐकत बसली. पदराच्या गाठीत खरा जुना अजून गरमच होता.