दुसरी टाकी

“एम.एस्सी. करून शेवटी भंगारच जोडतेस होय गं!” गच्चीवर आलेले सासरे हसले.

सोलरचं गरम पाणी संध्याकाळीच संपायचं. पहाटे गरम पाण्यात शेकल्याशिवाय त्यांची आखडलेली बोटं उघडत नसत, आणि मुलाकडून शर्टाची बटणं लावून घेणं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून दुपारचं जास्तीचं ऊन साठवायला मी अडगळीतली टाकी सोलरला जोडली.

पहिल्या पहाटे मात्र टाकीतल्या पाण्याचा पारा अडतीस अंशांवरच थांबला. सासरे खाली गेले आणि सासूबाई गेल्यापासून जपून ठेवलेली त्यांची गोधडी घेऊन आले.

“ही गुंडाळ टाकीला. तिलाही गारठा सोसायचा नाही.”

पुढच्या पहाटे पारा शेहेचाळीसवर होता. सासरे स्वतः शर्ट घालून चहाला आले. एक बटण चुकलं होतं. मी आणि नवऱ्यानं ते तसंच राहू दिलं.