वर्षभर न कांडलेली हळद

मुसळाचा पहिला घाव पडला आणि मांडवातली निम्मी माणसं खाली वाकली. मधुकाका तर थेट खुर्च्यांच्या चळतीमागे.

मनालीने मुसळ सोडलं नाही. दहावीतली पोर, पण आज मागे हटायचं नाही असं ठरवूनच तिने उखळ अंगणात ओढत आणलं होतं. उद्या तिच्या ताईचं, नेत्राचं लग्न. आज हळद.

गेल्या वर्षी बदलापूर गावात अशाच एका हळदीत दोघे जण शिरले होते. शेजारच्या सोनिवली गावातल्या जागेचं भांडण. गोळ्या झाडल्या, चार माणसं गेली. त्यात समोरच्या घरातल्या रखमाकाकूचा मुलगा धर्मेश. तेव्हापासून गावात कुणी हळद कांडली नव्हती. मुसळाचा आवाज ऐकून त्या माउलीला काय वाटेल? म्हणून पाकिटातली हळद आणायची, दहा मिनिटांत लावायची, जेवून घरी. गाणी नाहीत, काही नाही.

"अगो, डोकं फिरलं काय तुजं?" आई दबक्या आवाजात ओरडली. "समोर दार उघडं हाय तिचं!"

"पोरी, मिक्सर हाय ना घरात," मधुकाका खुर्च्यांमागून म्हणाले.

"मिक्सरपुढे गाणी म्हणू का काका? आधी बाहेर तर या!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. रखमाकाकू रस्ता ओलांडून येत होती.

बायकांनी वाट दिली. मनाली म्हणाली, "काकू, तू सांगितलंस तरच थांबेन. बाकी कुणाचं ऐकणार नाही."

काकूने पदर खोचला, मनालीच्या हातांच्या वर आपले हात ठेवून मुसळ धरलं आणि उचललं. दुसरा घाव. तिसरा. हळकुंड फुटलं, पिवळी धूळ दोघींच्या मनगटांवर बसली. आता कुणी वाकलं नाही.

"त्या दिवशी मीच कांडत व्हते," काकू म्हणाली. हात थांबले नाहीत. "माज्याच मुसळाच्या आवाजात मना गोळ्या आयकू आल्या नाय. नायतर पोराला हाक मारली असती. आन मंग तुमी सगळ्यांनी उखळं आत नेऊन ठेवलीत."

आईच्या हातातलं ताट कलंडलं. "अगो रखमा, तुला तरास नको म्हणून..."

"मना वाटलं," काकूने मुसळ पुन्हा उचललं, "गाव मनाच दोष देतंय."