रूथबाईचा बाक

सेवेची कदर कशी करावी, हे बालाघाटच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीकडून शिकावं. रूथबाई उभी हयात चर्च झाडत आली, आजाऱ्यांच्या उशाशी जागली, बेवारशांची प्रेतंही तिनंच धुतली. बासष्ट साली गुडघे गेले, तेव्हा ती पाळकसाहेबांना म्हणाली, “साहेब, उपासनेले खाली बसवत नाही. मले बाक द्या.” कमिटीनं सत्कारच ठरवला. सागवानी बाकाच्या बैठकीवर पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव रंगवलं. हार झाले, भाषणं झाली. रूथबाई बसायला वाकली, तसे सेक्रेटरी ओरडले, “अवो बाई, रंग ओला हाये!” ती सतरंजीवर बसली. पुढच्या रविवारी रंग वाळला. “बसाल तं नाव पुसून जाईन!” सेक्रेटरी पुन्हा आडवे आले. “मंग मी कुठी बसू?” “तुमचं नाव बसलंय ना!” पाळकसाहेब गहिवरून म्हणाले. रूथबाई सतरंजीवरूनच देवाघरी गेली. बाकावरचं नाव अजून ठळक आहे.