डावा पाय

“मी ‘सोड’ म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. उचललास की हवा परत आत!” क्लचमधली हवा काढताना बाबा दरवेळी गाडीखालून ओरडायचे आणि लेक पेडल दाबून बसायची. आज गाडीखाली लेक होती आणि पेडलवर आई.

“दाबलाय गं!”

लेकीने पान्याने हवा काढायचं निपल सैल केलं. नळीतून ऑइलबरोबर बुडबुडे बाटलीत आले.

“दवाखान्यातून टॅक्सीने आणू की त्यांना. एवढा कसला हट्ट?”

“आई, पाय!”

“नाही उचलला बाई. तोंडच तेवढं हलतंय.”

लेक हसली, तिने निपल आवळलं. “हं, सोड.”

असं करता करता बुडबुडे थांबले, पेडल घट्ट झालं. हात धुऊन ती गाडीत बसली.

काल दवाखान्यात बाबांनी आपल्या लुळ्या पडलेल्या डाव्या पायावर हात ठेवला होता. “गाडी विकून टाक. क्लच दाबायला पायच उरला नाही.”

“माझा आहे ना, बाबा. उद्या याच गाडीतून घरी नेते तुम्हाला.”

तिने डाव्या पायाने क्लच दाबला, गिअर टाकला आणि गाडी हळूच फाटकाबाहेर काढली.